डावीकडे ओढणारी गाडी

"वहिनी, चाक नंतर बघू. आधी गाडी कोण चालवतंय ते बघा की," असं शिवू म्हणाला होता, तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं. होटगी रोडवर त्याचं हवा भरायचं आणि अलाइनमेंटचं दुकान आहे. पुढच्या डाव्या चाकातली हवा सारखी कमी का होते, एवढंच मी विचारलं होतं.

गाडी चालवायचे माझे सासरे, महिपती अण्णा. सगळी नोकरी एसटीत ड्रायव्हर म्हणून झालेली. त्यांच्यावर संशय कोण घेणार? सासूबाई गेल्यावर करकंबच्या घराला कुलूप लावून ते आमच्याकडे जुळे सोलापुरात राहायला आले. इंद्रजीत, माझा नवरा, चाकणला कंपनीत. तो येतो एखाद्या रविवारी. मी बँकेत. त्यामुळे आमच्या लेकीला, कीर्तीला, बालवाडीत सोडणं-आणणं अण्णांकडे. दिवसातलं त्यांचं तेवढंच एक काम. त्यासाठी दाढी, इस्त्रीचा शर्ट, आणि आम्हा दोघींच्या आधी खाली जाऊन गाडीपाशी उभं राहणं.

गाडी सरळ रस्त्यावरही डावीकडे ओढायला लागली, तेव्हा अलाइनमेंट करून घ्यायचं ठरवलं. शिवूनं फोनवर बजावलं, "सकाळी थंड असतानाच आणा. पळून चाकं तापली की हवा जास्त दाखवती. आन् डिकी रिकामी करा, मागं वजन नको."

डिकीत पाण्याचा कॅन होता, दोरखंड होता आणि ज्वारीचं अर्धं पोतं होतं.

"अण्णा, हे पोतं इथं काय करतंय?"

"वजन असलं की गाडी दबून चालती."

"ही एसटी नाही, अण्णा."

"म्हनून तर ठिवलंय. एसटीला प्याशिंजर असत्यात."

पोतं वर पोहोचवून आले, तर अण्णा लाकडी दांडक्यानं एकेक चाक ठोकत होते. डेपोतून बस काढताना ते असंच करायचे. टणक आवाज आला, की हवा बरोबर.

"आईक. बोलतंय का न्हाय?"

कीर्तीनंही हातातल्या चमच्यानं चाक ठोकलं आणि "बोलतंय!" असं जाहीर केलं. अण्णा इतके हसले, की मलाही हसू आवरेना.

दुकानात शिवूनं गेज लावलं. डाव्या चाकात हवा निम्मीच होती.

"तुजं मशीन बिगडलंय," अण्णा म्हणाले. "आत्ता ठोकून आलोय मी."

"अण्णा, बसच्या टायरला ठोकून कळतं. ह्यो कारचा, निम्मा रिकामा झाला तरी तसाच वाजतोय." बाकीच्या तिन्ही चाकांत हवा बरोबर होती. शिवूनं डाव्या चाकाच्या कडेला साबणाचं पाणी सोडलं. एका जागी बुडबुडे आले. रिम तिथं वाकली होती, आणि पोच्यात फुटपाथच्या कडेचा पिवळा रंग बसला होता. तसाच रंग रिमवर पुढं आणखी दोन ठिकाणी होता.

"कुटं घासली, अण्णा?"

"कुटंच न्हाय बाबा. देवाशपथ."

ते खोटं बोलत नव्हते. लहान लेकरू घरात असलं, की खोटं बोलणारं तोंड लांबून ओळखता येतं. मग हा रंग आला कुठून, तेच मला कळेना.

चहा आला. शिवूनं अण्णांच्या डाव्या अंगाला उभं राहून पेला पुढे केला. अण्णा जुन्या घाटातल्या बसची काहीतरी गंमत सांगत होते, सांगतच राहिले. पेल्यातनं वाफ निघत होती, पेला त्यांच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर. शिवूनं माझ्याकडे पाहिलं. मग तो मागून वळसा घालून उजवीकडे गेला.

"आला व्हय चहा!" अण्णा म्हणाले.

कीर्ती रोज डाव्या खिडकीशी बसायची.

शिवूनं रिम सरळ केली, त्या चाकात हवा भरली आणि मग गाडी मशीनवर घेतली. काम झाल्यावर चावी पुढे केली. अण्णांचा हात आला, त्याआधी माझा गेला.

"अण्णा, आज मी चालवते."

त्यांनी हात मागे घेतला. "चालीव की," म्हणाले, आणि बॉनेटला हात लावत लावत पलीकडच्या दाराकडे गेले.

गाडी अगदी सरळ चालली होती. सात रस्त्याला सिग्नलवर ते आपणहून म्हणाले, "मला वाटलं आरसा हलतोय. डाव्या अंगाचा. रोज नीट करत हुतो मी."

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली थेंबांवर टिकवायची, एक दिवस चुकवून चालणार नाही.

कीर्तीला मी सोडायला लागले. अण्णा तरीही दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि गॅलरीत खुर्चीवर बसायचे. मग एका सकाळी पिशवी भरलेली दिसली.

"करकंबला जातो म्हनतो."

"तिथं कोण आहे अण्णा?"

"हितं तरी माजं काय काम हाय?"

"तुम्ही काय कामासाठी राहिलात का इथं?"

"तसं न्हाय गं पोरी. पर नुसतं बसायचं म्हंजे किती बसायचं?"

करकंबपर्यंत गाडीनं सोडते म्हटलं, तर नको म्हणाले. स्टँडपर्यंत मात्र मी गेले. तिथं बसच्या ड्रायव्हरनं त्यांना ओळखलं नाही. तिकीट काढून ते मागच्या सीटवर जाऊन बसले.

फोनवर ते मजेतच असतात. "थेंब टाकले का?" "व्हय की." पण मी दिलेली बाटली एव्हाना संपायला हवी होती. नवी आणलीत का विचारलं, की म्हणतात, "कीर्तीला दे बघू फोन." कीर्तीला कांजिण्या आल्यात, इंद्रजीतला सुट्टी नाही, आणि मला घर सोडून निघता येत नाही.

तुमचं करकंबकडे जाणं झालं, तर महिपती ड्रायव्हर कुठे राहतात ते विचारा. बहुतेक ओट्यावरच बसलेले असतील. डावीकडून जाऊ नका, तुम्ही आलेलं त्यांना कळणार नाही. उजवीकडून जा आणि समोर उभे राहा. थेंबांचं लगेच काढू नका, चिडतील. आधी टेंभुर्णीचा रस्ता विचारा. पाठ असला तरी विचारा, आणि त्यांना सावकाश सांगू द्या. मग पाणी मागा, आत जा, बाटलीत काही उरलंय का बघा. आणि मला कळवा.