न उघडलेली तोटी

मित्रांनो, मी हजार लिटरची एक जुनी स्टीलची टाकी आहे. चाकांच्या गाड्यावर बसवलेली, वर झाकण, खाली पितळी तोटी. आमच्या होलरग्रुंड गावात बिअर ज्याच्या त्याच्या तळघरात तयार होते, पण भट्टी साऱ्या गावाची एकच. तिथे मोड आलेले सातू आणि हॉप्सची कडू फुलं उकळून काढा करायचा, उथळ कढईत निववायचा आणि घरी न्यायचा. यीस्ट घरीच घालतात, आणि बिअर तयार झाली की दारावर लाकडी चांदणी टांगतात; ती पाहून लोक प्यायला येतात. भट्टी ते तळघर हे चारशे मीटर म्हणजे माझा सारा जन्म.

हे अंतर फार नाजूक. तयार बिअरमधलं अल्कोहोल आणि तिचा आंबटपणा तिचं रक्षण करतात. काढा मात्र गोड, कोमट आणि निराधार. त्यात जो जंतू आधी उतरेल, त्याचं राज्य.

माझे मालक गेबहार्ट हे जाणून होते. दर खेपेनंतर ते तोटीचे तीन भाग सुटे करत, सोड्याच्या गरम पाण्यात घासत आणि एकेक नाकाशी धरत. तेव्हा गावात माझं कौतुक होई. मग मागच्या हिवाळ्यात ते वारले.

उन्हाळ्यात त्यांचा धाकटा भाऊ किलियान मला घेऊन गेला. कशाला, तर डुकरांसाठी डेअरीतून चीजची निवळी आणायला! ते पिवळट, आंबूस पाणी आठवलं की अजून शिसारी येते. परत करताना त्याने आत पाण्याची नळी मारली, बाहेरून पुसलं. तोटी उघडलीच नाही. तिच्या आतला बुळबुळीत थर ऑगस्टच्या उन्हात सडत राहिला. मला माझीच किळस येत होती.

सप्टेंबरमध्ये गेबहार्टच्या पत्नीची, वाल्बुर्गाबाईंची, भट्टीवर बारी आली. नवऱ्यामागची ही पहिली बिअर. त्या घराला आता हे जमायचं नाही, अशी गावात कुजबुज होतीच. बाईंनी मला आतून कोपर दुखेपर्यंत घासलं.

"किलियान, तोटी धुतलीस ना रे?"

"वहिनी, आरसा आहे आरसा! भांग पाडा हवं तर."

बाईंनी विश्वास ठेवला. सगळा काढा त्या थरावरून तळघरात उतरला. मी बघत राहिले.

चौथ्या दिवशी तळघरातून कुजक्या लोण्याचा वास आला. किलियान नाक चोळत म्हणाला, "मुरली की वास जाईल. दारावर चांदणी टांगा, पितील लोक. दोन पेल्यांनंतर कोणाला कळतंय?"

"मग तू पी."

त्याने घोट घेतला, डोळे मिटले, धावत बाहेर आला आणि माझ्या चाकावर थुंकला. बाईंनी पाना आणला, तोटी उघडली, आत बोट फिरवलं आणि ते त्याच्यासमोर धरलं.

"हे पाजू गावाला? तुझ्या भावाच्या घरातून?"

"मला वाटलं, पाणी जातंय म्हणजे साफ आहे," तो पुटपुटला.

बाईंनी सगळी बिअर गटारात सोडली. गल्लीभर घाण पसरली. समोरच्या खिडकीतून शेजारीण ओरडली, "वाल्बुर्गा, काय मेलंय काय गं?"

"माझी बिअर!" बाई तेवढ्याच मोठ्याने म्हणाल्या. "टाकी घाण होती. पुढच्या महिन्यात पुन्हा करतेय!"

मित्रांनो, मला खुशाल उसनी न्या. पण परत देण्याआधी तोटी उघडा. आत काय सडतंय ते मला कळतं. ओरडून सांगता येत नाही.

ऑक्टोबरमध्ये किलियानने तोटीचे तिन्ही भाग स्वतः घासून बसवले. बाईंनी माझ्यातून उकळतं पाणी सोडलं, शेवटचं पाणी पेल्यात धरून निववलं आणि त्याच्यापुढे केलं.

"वहिनी, आता तरी विश्वास ठेवा की!"

"ठेवते. आधी पी."

तो गटागट प्यायला. उरलेला घोट बाईंनी घेतला आणि मगच मला भट्टीकडे न्यायला ट्रॅक्टर जोडला.