बोटीवर न्यायच्या गोळ्या

मानवतचे कापसाचे व्यापारी कल्याणराव बोटीत बसून कोलंबोला जाणार हे कळलं आणि गावातला जो तो वैद्य झाला. ज्याने परभणीच्या पलीकडे कधी पाय टाकला नव्हता, तोही ओट्यावर बसून बोट लागली तर काय करायचं ते सांगू लागला. कुणी ओवा आणून दिला, कुणी लिंबाचं लोणचं, कुणी लवंगेचं तेल. मोगलाईतल्या त्या गावात मुनीम बन्सीधर सोडला तर समुद्र पाहिलेला माणूस शोधून सापडला नसता, पण समुद्रावरचं औषध मात्र घरोघरी निघालं.

मुंबईच्या ज्या पेढीला कल्याणराव कापूस पाठवत, तिच्या शेटजींनी आपल्या जवळच्या व्यापाऱ्यांना जोडीने बोटीची सफर घडवायचं ठरवलं होतं. जोडीने म्हणजे बायकोसह. कल्याणरावांना बायका दोन. कोणती न्यायची, हा प्रश्न घरात कुणी विचारलासुद्धा नाही. धाकटी पार्वती पातळं निवडायला बसली आणि थोरल्या सिद्धम्माने तिला ट्रंक पुसून दिली.

पार्वती वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वाईट असती तर सिद्धम्माला सोपं गेलं असतं. सिद्धम्माला मूल झालं नाही, तेव्हा पाहायला गेलेल्या मंडळींत स्वतः बसून तिनेच ही मुलगी पसंत केली होती. तसं करावंच लागतं. नाही म्हटलं तरी व्हायचं ते होतंच, वर आपण आडमुठे ठरतो. आता जाताना पार्वतीने आपली लहानगी परभणीला आजोळी पोचवली. "तुमाला कशाला तरास, अक्का," असं म्हणून तिने ते चांगल्या मनाने केलं, आणि घरात सिद्धम्माला सोबत म्हणून कुणी उरणार नाही हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

ट्रंकेत कपडे कमी आणि औषधं जास्त झाली. हिंग, ओवा, त्रिफळा, निलगिरीचं तेल, बाळहिरडे, इसबगोल. करोडगिरीच्या नाक्यावर जकातीसाठी शिपायांनी ट्रंक उघडली तर आतून अख्खा दवाखाना निघेल, असं बन्सीधर म्हणाला आणि पार्वती हसली. सिद्धम्माही हसली. मग कल्याणराव मागच्या खोलीच्या दारात येऊन म्हणाले, "बोटीवर पुरतील एवढ्या गोळ्या बांधून दे मला."

तिला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली.

या गोळ्यांची हकीकत सांगायला हवी. सिद्धम्मा लग्न होऊन आली तेव्हा कल्याणरावांना दमा होता. थंडीत ते उशीला टेकून रात्र काढायचे आणि ती पाठ चोळत बसायची. सोनपेठला तिचे वडील झाडपाल्याची दवा देत. त्यांच्याकडून तिने गोळ्या करायला शिकून घेतलं: अडुळशाचा रस आटवायचा, पिंपळी घालायची, काकडशिंगी घालायची, कडू जहर होईपर्यंत घोटायचं. धाप कमी झाली की कल्याणराव म्हणायचे, "बरा झालो की तुला समुद्र दाखवतो." बरे तर झाले. एका हिवाळ्यात दम लागला नाही, दुसऱ्याही हिवाळ्यात लागला नाही. तोवर पार्वती घरात आली होती आणि सिद्धम्मा मागच्या खोलीत गेली होती.

त्या खोलीत नवरा येई तो फक्त गोळीसाठी. दिवे लागायच्या वेळी लिंगपूजा आटोपून, कपाळावर विभूती तशीच ओली असताना तो यायचा, बाजेवर टेकायचा, तळहात पुढे करायचा. ती गोळी ठेवायची, पाण्याचा गडू द्यायची. "काय चाललंय?" तो विचारायचा. "काही न्हाई, बरं हाय," ती सांगायची. मग तो कापसाचा भाव सांगायचा, कधी कुणाचं लग्न ठरल्याचं सांगायचा, आणि उठून जायचा. दिवसातून तेवढाच तिचा नवरा.

वडिलांनी तिला बजावून सांगितलं होतं, दम गेला की ही दवा बंद करायची, बऱ्या माणसाचं पोट जाळते ती. म्हणजे गोळी थांबवायला हवी होती. गोळी थांबली की येणं थांबणार. सिद्धम्माने विचार केला आणि पुढच्या खेपेला अडुळसा थोडा कमी केला, गूळ थोडा वाढवला. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी थोडा. असं करत करत गोळीत नुसता गूळ, सुंठ आणि वरून ज्येष्ठमधाची पूड एवढंच उरलं. कल्याणराव रोज येत राहिले, गोळी गिळत राहिले. एवढा मोठा व्यापारी, कापसात सरकी किती ते बोटांनी ओळखणारा, आपल्या हातून गूळ खातो आहे याची तिला मनातून गंमत वाटायची. या घरात तिने स्वतःसाठी चोरून मिळवलेली तेवढी एकच गोष्ट होती.

बोटीवरही रोज सांजेला आपली आठवण निघेल, या खुशीत ती गूळ फोडायला बसली. तेवढ्यात ट्रंकेला बांधायचा दोर घेऊन बन्सीधर आला.

"थोरल्या बाई, मालकाचा दमा समदा गेलाय न्हवं?"

"गेलाय. का?"

"न्हाई, मेव्हणा होता माझा मुंबईला. हितं असा ठणठणीत. तिकडं समुद्राची वली हवा लागली आन् जुना दमा उलटला. लय हाल झाले त्याचे." मग तिचा चेहरा पाहून त्याने घाईने जोडलं, "पण मालक रोज दवा घ्यायलेत की. त्यांना काय भेव न्हाई."

दोर ठेवून तो निघून गेला. सिद्धम्माच्या हातातला बत्ता हातातच राहिला.

बोटीवर, चारी बाजूंना पाणी, आणि नवरा धाप लागून बसलेला. पार्वती घाबरून गोळी देणार, आणि ती गोळी गुळाची. हे चित्र डोळ्यांपुढे आलं तेव्हा तिला आपल्या गमतीची किळस आली. ती उठली आणि परसातल्या अडुळशाची पानं तोडायला लागली. किती वर्षांनी त्या झाडाला हात लावत होती. पानं ठेचून, रस काढून, आटवून, खलून तिने जुन्या मापाच्या गोळ्या केल्या. एक जिभेला लावून पाहिली तर डोळ्यांत पाणी आलं.

आता गोळ्या दोन तऱ्हेच्या झाल्या. कडू गोळ्यांच्या डबीला तिने काळा दोरा बांधला. गोड गोळ्या नेहमीच्या पितळी डबीत भरल्या. दुपारी पार्वतीला जवळ बसवून ती सांगू लागली.

"ही पितळी डबी रोजची. सांजच्याला एक. आन् ही काळ्या दोऱ्याची जोराची हाय, धाप लागली तरच द्यायची. दिल्यावर निजू द्यायचं न्हाई, टेकून बसवायचं. पाठ चोळायची, वरून खाली. खालून वर न्हाई."

पार्वतीने नीट ऐकून घेतलं. काळ्या दोऱ्याची डबी तिने ओव्याच्या पुरचुंडीशेजारी जपून ठेवली. पितळी डबी मात्र हातात घेऊन ती घुटमळली.

"अक्का, ही ऱ्हाऊ द्या की घरीच. ट्रंकेत जागा न्हाई."

"आगं, रोज घेतात ते."

"हितं घेतात. तिकडं कशाला?" पार्वती बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"हितं घेतात म्हंजे?"

पार्वतीने डबी खाली ठेवली. बराच वेळ ती पातळाच्या घड्या नीट करत राहिली, ज्या आधीच नीट होत्या. "रागाला येऊ नका, अक्का," ती शेवटी म्हणाली. "त्यांना ठाव हाय. गूळ-सुंठ हाय म्हणून."

"कदीपासून?"

"लय दिवस झाले. मीच इचारलं होतं, आता दम लागत न्हाई तर दवा कशाला घेता. तवा म्हणले, दवा कुठली, गूळ हाय तो. म्हणले, जातो आपला. तिला तेवढंच हाय."

सिद्धम्माने पितळी डबी उचलली आणि ती आपल्या खोलीत गेली. भिंतीला पाठ लावून बसली. रडू आलं नाही, रागच आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. फसवलं कुणी? फसवत तर तीच होती. पण चोरून खाल्लेली भाकर कुणीतरी मुद्दाम आपल्यासाठी उघडी ठेवली होती असं कळावं, तसं झालं. त्या दोघांनी कधीतरी बसून तिच्याविषयी बोलून घेतलं होतं. तिला काय द्यायचं आणि किती, ते ठरवून टाकलं होतं. तिची गंमत, तिची चोरी, दिवे लागायच्या वेळेची तिची धडधड, सगळी त्यांना ठाऊक होती. रोजचा भिकारी ओळखीचा व्हावा आणि त्याच्या वाटणीची भाकर आधीच बाजूला काढलेली असावी, तशी ती त्या घरात होती.

दिवे लागायच्या वेळी कल्याणराव आले. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं होतं, म्हणून जरा घाईत होते. बाजेवर टेकले आणि सवयीने हात पुढे केला.

"संपल्या," सिद्धम्मा म्हणाली.

"संपल्या? आन् बोटीवरच्या?"

"त्या पार्वतीकडं दिल्यात. काळ्या दोऱ्याची डबी. धाप लागली तरच घ्या." तिने त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "कडू हायत त्या. पयल्यासारक्या."

कल्याणरावांना समजलं. त्यांनी हात मागे घेतला आणि धोतराला पुसला. उठून मात्र गेले नाहीत. बसून राहिले. खोलीतल्या उतरंडीकडे पाहिलं, कोनाड्याकडे पाहिलं, पायाखालच्या जमिनीकडे पाहिलं. त्यांना काहीतरी बोलायचं असावं आणि सिद्धम्मालाही ते ऐकायचं होतं. मनातल्या मनात ती म्हणत होती, बोला. काहीही बोला, भाव सांगा कापसाचा. पण गोळीशिवाय त्या खोलीत काय करायचं असतं, ते त्यांना ठाऊकच नव्हतं. इतक्या वर्षांत तिलाही ते विसरायला झालं होतं.

"हवा बरी येती हितं," ते म्हणाले.

"येती."

मग ते उठले आणि दारातून वाकून बाहेर गेले.

पहाटे दमणीला बैल जुंपले. मानवत रोडच्या स्टेशनाला जायचं म्हणून पार्वतीने नवं लुगडं नेसलं होतं आणि रडून तिचं नाक लाल झालं होतं. तिने वाकून सिद्धम्माच्या पायाला हात लावला आणि पुटपुटली, "पाठ वरून खाली. ध्यानात हाय, अक्का." कल्याणराव "येतो" म्हणाले. बैलांच्या घुंगरांचा आवाज बाजारपेठेकडे गेला आणि संपला.

पहिल्या दिवशी सिद्धम्माला बरंच वाटलं. बरं झालं, रोजचं वाट पाहणं मिटलं, असं तिने झाडायला आलेल्या बायनाबाईला न विचारताच सांगितलं. बायनाबाईला काही कळलं नाही, तिने मान हलवली आणि केर भरला. पितळी डबीतल्या गोळ्या सिद्धम्माने शेजारच्या लेकरांना वाटून टाकल्या. लेकरांनी आणखी मागितल्या. संध्याकाळी तिने दार लवकर लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दिवे लागले तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण पाण्याचा गडू भरून बाजेजवळ ठेवला आहे. तिने तो उचलून पाणी तुळशीला घातलं. तिसऱ्या दिवशीही तसंच झालं. त्यानंतर तिने पाणी टाकून देणं सोडलं, स्वतःच पिऊन टाकायची. घरात एक ताट, एक वाटी. कुणी खोकत नव्हतं, कुणी हाक मारत नव्हतं. घरच्या पेढीवरून बन्सीधर एकदा येऊन गेला, मुंबईहून बोट सुटल्याची तार आली म्हणाला. त्या रात्री वारा सुटला तर ती उठून बसली. मानवतच्या वाऱ्याचा समुद्राशी काय संबंध, पण ती बसली.

बरं, मान राखला आपण. मग पुढे काय? ते परत येतील तेव्हा हात पुढे करायला काही असणार नाही. ते दारापाशी येतील, घुटमळतील, हवा बरी येती म्हणतील. चार दिवस येतील, पाचव्या दिवशी कशाला येतील? आणि आपण मान घेऊन या खोलीत बसायचं. नुसता मान. त्याच्याशी बोलता येत नाही.

बायनाबाई आली तेव्हा सिद्धम्मा चुलीपुढे बसली होती. चुलीवर कढईत गूळ होता.

"कुणाला बरं न्हाई, माय?" बायनाबाईने विचारलं.

"समदे बरे हायत. बाजारातून सुंठ आन मला. चांगली बघून आन, मागच्या खेपंची किडकी होती."

त्यांना ठाऊक आहे, पार्वतीला ठाऊक आहे, आता आपल्यालाही ठाऊक झालं. तिघांनीही गप्प बसायचं, दुसरं काय. त्यांनी हात पुढे करावा, आपण गोळी ठेवावी, भाव विचारावा. भीक तर भीक. तिला तेवढंच हाय असं नवरा म्हणाला होता, आणि तो काही खोटं बोलला नव्हता.

सुंठ आली. तिने ती कुटून, वस्त्रगाळ करून पाकात घातली आणि गोळ्या वळायला घेतल्या. पहिली चाखून पाहिली. गूळ जरा जास्त झाला होता. राहू दे म्हणाली, आणि ताटलीत ओळीने वाळत घातल्या.