दहा दिवसांसाठी दिलेलं कार्ड

मित्रांनो, मी एक जुनं डेबिट कार्ड आहे. कडा झिजल्यात, चिप काळवंडली आहे, आणि सध्या माझा मुक्काम पोलीस ठाण्यातल्या कपाटात आहे. कागदोपत्री लिहिलंय की एका फसवणुकीत माझा हात होता. ज्याला हातच नाही त्याच्यावर हा आळ!

माझी मालकीण रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला. सोड्याने तिची बोटं कायम सोललेली. ती मला ओळखपत्राच्या मागे जपून ठेवायची आणि एटीएमपुढे अंगाचा आडोसा करून आकडे दाबायची. "तू आहेस म्हणून कुणापुढे हात पसरावा लागत नाही," असं पुटपुटायची. तेव्हा मला फार मोठं झाल्यासारखं वाटे. तिच्या आईच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी ती माझ्या भरवशावर पैसे साठवत होती.

तिथे इस्त्री करणाऱ्याला सगळे दादा म्हणत. आई आजारी असताना मालकिणीच्या कितीतरी पाळ्या त्याने केल्या होत्या. एका दुपारी तो म्हणाला, "ताई, माझं खातं अडकलंय. भावाकडून पैसे यायचेत. दहा दिवस तुझं कार्ड दे. तुझ्या पैशाला हात लावणार नाही."

"बँकवाले सांगतात, कुणाला देऊ नका."

"मी काय परका आहे?"

या एका शब्दासरशी तिने ओळखपत्र बाहेर काढलं. तिने मला दिलं, आणि हळूच पिनही सांगितला.

दादाने मला तासाभरात एका हेल्मेटवाल्याच्या हवाली केलं आणि माझ्या भाड्याचे पैसे खिशात घातले. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बिस्किटांचा डबा होता. त्यात माझ्यासारखी तीस-चाळीस कार्डं रबरबँडने बांधून ठेवलेली. माझ्या पाठीवर चिकटपट्टी लावून त्यावर पिन लिहिला. भर बाजारात कुणी अंगावरचे कपडे काढावेत, तसं मला झालं.

खोलीत चारजण दिवसभर फोनवर लोकांना धमकावायचे. घाबरलेला माणूस मालकिणीच्या खात्यात पैसे पाठवायचा आणि पाच मिनिटांत हेल्मेटवाला मला मशीनमध्ये सारून ते काढायचा. चौथ्या दिवशी पडद्यावर अक्षरं आली : खातं गोठवलं आहे. त्याने मला तिथल्याच कचराकुंडीत फेकलं. झाडणाऱ्या बाईने उचलून बँकेत दिलं आणि तिथून मी पोलिसांच्या टेबलावर पोहोचलो.

समोर मालकीण बसली होती. बोलावणं आल्यावर धीर द्यायच्या निमित्ताने दादाही सोबत आला होता. पलीकडे हातात काठी घेतलेले एक निवृत्त गुरुजी. अधिकारी फोन घ्यायला बाहेर गेले तसा दादा तिच्या कानाशी लागला, "हरवलं म्हण. दोघंही सुटू."

अधिकारी परतले. "बाई, कार्ड हरवलं होतं का?"

तिने दादाकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही मानेने हो म्हणणार.

तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "बाई, आयुष्यभराची पुंजी गेली हो माझी. त्या लोकांचे चेहरे मी पाहिले नाहीत. नाव तेवढं तुमचं कळलं. आठ दिवस मी तुमच्याच नावाला शिव्या देतोय."

तिने मान वर केली. "हरवलं नव्हतं साहेब. मी दिलं. ह्याला."

दादाला आतल्या खोलीत नेलं. अर्ध्या तासात तो पोपटासारखा बोलू लागला. खोली सापडली, डबा सापडला, गुरुजींचे निम्मे पैसे परत मिळाले.

पण मालकिणीचं खातं चार महिने बंद राहिलं. चौकशीच्या कागदांत तिचं नाव लागलं ते लागलंच. शस्त्रक्रियेची तारीख टळली आणि उशीर नडला. आई आता लेकीला पावलांच्या आवाजावरून ओळखते.

मित्रांनो, परक्याला कार्ड कुणीच देत नाही. मागणारा नेहमी आपलाच असतो, आणि तिथेच जीभ अडखळते. मदत करायचीच तर आपल्या कमाईतलं काही त्याच्या हातावर ठेवा. पण आपलं कार्ड आणि पिन कुणालाही देऊ नका. तो रुसेल, चार दिवस बोलणार नाही. रुसू द्या. रुसलेल्या माणसाची समजूत काढता येते. त्या माउलीची नजर कुणी परत आणू शकलं नाही.