एलिडाच्या तळाचे तीन सांधे

पाद्रीबुवांनी 'एलिडा' या होडीची प्रतिकृती करायला मला सांगितलं, तेव्हा गावाला त्यात काही वावगं वाटलं नाही. खरी एलिडा मीच बांधली होती. बुडालेल्या होडीची हातभर प्रतिकृती आमच्याकडं चर्चच्या छताला टांगतात, तोंड वेदीकडं करून. माणसं खाली बाकांवर बसतात, त्यामुळं त्यांना दिसतो तो तळच. वरच्या दोऱ्या कशाही असल्या तरी चालतं. तळाची एक फळी चुकली, की म्हातारे कोळी प्रवचन सोडून वर्षानुवर्षं तीच बघत बसतात.

एलिडा मार्चमध्ये वाळूच्या दांड्याजवळ बुडाली. वारा म्हणावा तसा नव्हताच. ती चालवणारा लाउस्ट आणि त्याचा गडी, दोघंही गेले. प्रेतं वाहून आली, तर लाउस्टच्या खिशात दारूची चपटी बाटली निघाली, अर्धी रिकामी. झालं, गावाला तेवढं पुरे होतं. झिंगून होडी वाळूवर घातली आणि दुसऱ्याच्या लेकरालाही घेऊन गेला, असं सगळे बोलू लागले. आमच्या थंडीत बाटली कुणाच्या खिशात नसते? माझ्याही असते. पण मी ते कुणाला बोललो नाही.

प्रतिकृतीच्या फासळ्या उभ्या करून मी वरून खाली फळ्या बसवत निघालो. नखाएवढ्या रुंद पट्ट्या गरम पाण्यात भिजवायच्या, तापलेल्या नळीवर वाकवायच्या, मग सरस, खिळा, चिमटा. डावीकडं एक बसली की लगेच उजवीकडं एक, नाहीतर सांगाडा पिळतो. एवढं एकच काम मला मनापासून आवडतं. आठव्या फळीपाशी हात थांबला.

खऱ्या होडीत त्याच जागी ओकच्या फळ्या आखूड पडल्या होत्या. आखूड फळीला जोड द्यावा लागतो, आणि शेजारच्या फळ्यांचे सांधे एका रेषेत येऊ द्यायचे नाहीत, नाहीतर तळ तिथंच उकलतो, हे शिकाऊ गड्यालाही पहिल्या आठवड्यात कळतं. मी तीन आणले, एकाखाली एक. होडीचा मालक होता लाउस्टचा बाप, थ्योगर. तो रोज दारात येऊन ओरडायचा, "मासा आलाय, विलाड्स, आणि माझी होडी अजून तुझ्या अंगणात!" मी वरून लाल रंग फासला. होडी पाच वर्षं टिकली. तेवढ्या काळात मी ते विसरून गेलो होतो, असं लिहिणार होतो. खोटं आहे. विसरलो नव्हतो.

आता या पट्ट्या चांगल्या लांब होत्या. सांध्याची गरजच नव्हती.

तीन दिवस मी तसाच बसलो. चौथ्या दिवशी लाउस्टची बायको सिड्सेल आली.

"रोज तीच फळी हातात घेऊन बसता म्हणे."

"कोण म्हणतं?"

"दूधवाला. त्याला दुसरं काम काय!" ती बसली नाही. "विलाड्स, एक विचारू? शुद्धीवर असता तर वाचला असता ना तो?"

"कुणास ठाऊक."

"मला ठाऊक आहे. त्या गड्याची आई मला बघून रस्ता ओलांडते. ओलांडू दे, बरोबरच आहे तिचं. मी लाउस्टचे कपडे जाळले. एकदाही थडग्यावर गेले नाही. दहा वर्षं संसार केला, आणि आता त्याचं नाव घ्यायचीसुद्धा किळस येते."

मला तिथंच सांगता आलं असतं. ती गेल्यावर मात्र मी तीन पट्ट्या कापल्या आणि सांधे होते तसेच बसवले, एकाखाली एक. ठरवलं, रंग द्यायचाच नाही, नुसतं तेल लावायचं. बाकावरचा कुठलाही कोळी मान वर करील आणि समजून जाईल. तोंडानं सांगायची पाळी यायला नको, एवढीच माझी हिंमत.

शनिवारी थ्योगर बघायला आला. तळावरून अंगठा फिरवत गेला. तिसऱ्या सांध्यावर अंगठा थांबला.

"असं होतं?"

"असंच."

तो भुशाच्या खोक्यावर बसला. आता हा मला मारणार, असं वाटलं. त्यानं मारावं, असंही वाटलं.

"लाल रंग शिल्लक आहे ना?" तो म्हणाला.

"थ्योगर, तुझा मुलगा आहे तो."

"होता. त्या आखूड फळ्या तुझ्या अंगणात कुणी आणून टाकल्या? तू थांब म्हणालास तेव्हा तुला शिव्या कुणी घातल्या? त्याला आता काही ऐकू येत नाही, विलाड्स. मला येतं. आणि मला अजून याच गावात राहायचंय."

"आणि सिड्सेल?"

"तिला सवय झालीय."

मी भांडायला हवं होतं. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. तो दाराबाहेर पडायच्या आत मी डब्याचं झाकण उचकटलं. रंगाचे दोन हात दिले. दुसऱ्या हातानंतर सांधे मलाही सापडेनात.

पुढच्या रविवारी होडी टांगली. पाद्रीबुवा देवाच्या क्षमेवर बोलले. सगळ्यांच्या माना वर होत्या. कोळी एकमेकांना ढोसून म्हणत होते, बघ, काय काम केलंय! सिड्सेल सगळ्यात मागच्या बाकावर एकटीच बसली होती. बाहेर पडताना ती मुद्दाम माझ्याकडं आली आणि तिनं माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"फार सुंदर केलीत," ती म्हणाली. "एवढं करावं अशी त्याची लायकी नव्हती."

थ्योगर शेजारीच उभा होता. तो टोपी झटकत राहिला.

मी हो म्हणालो.