एका मनगटात देवी, दुसऱ्यात बाधा

चौक गावात देवळामागच्या मांडवात मुंगी शिरायला जागा नव्हती. गंधबाबा एकेकाच्या मनगटावर आपला पट्टी बांधलेला अंगठा टेकवत होते आणि माणसं मनगट नाकाला लावून डोळे मिटत होती. आधी यायचा लिंबाचा झणझणीत वास. जरा वेळानं तिथूनच मोगरा दरवळायचा.

"लिंबानं बाधा कापली, मोगऱ्यातून देवी आली!" बाबा गर्जायचे. "बोला, कुणाचं हे काम?"

"देवीचं!" मांडव ओरडायचा.

बाबांचा हिशेब चोख होता. लिंबू उतरून टाकायचं आणि फूल देवीला वाहायचं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे बाबांनी लावलेला अर्थ लोकांना लगेच पटायचा.

सुरभीच्या मनगटावर मात्र लिंबू आलं आणि गेलं. मोगरा काही फुलला नाही. बाबांनी डोळे वटारले. "हिच्यात बाधा ठाण मांडून बसलीय. अमावास्येपर्यंत हिला माझ्या मठात एकटीनं राहू द्या." सासू सुंदराबाईंनी मान डोलावली. नवरा जितेश चपलांकडे बघत राहिला. सुरभी आधी घाबरली, मग संतापली.

सुरभी शिळफाट्याच्या एका दवाखान्यात नर्स होती. बाबांचा अंगठा टेकला तेव्हा मनगट गार पडलं होतं, इंजेक्शनआधी स्पिरिटचा बोळा फिरवल्यावर पडतं तसं. देवीचा स्पर्श असा कसा? शिवाय दिवसभर सॅनिटायझर चोळून तिची कातडी सुकलेली, तर सासूबाईंच्या हातांना सदा खोबरेल. मोगरा सासूबाईंवर फुलला होता.

घरी वाद घालून उपयोग नव्हता. "जाईन मठात," ती म्हणाली, "पण उद्या एकदा पुन्हा पारख होऊ द्या."

दुसऱ्या दिवशी निघताना तिनं डाव्या मनगटात खोबरेल जिरवलं. उजवं कोरडंच ठेवलं.

"बाबा, दोन्ही हातांवर कृपा करा."

बाबांनी खुशीत दोनदा अंगठा टेकवला. एकामागून एक आरत्या झाल्या. मग सुरभीनं उजवं मनगट सासूपुढे धरलं.

"कायबी नाय गं," सुंदराबाई पुटपुटल्या.

"बाधा! म्हटलं नव्हतं?" बाबा कडाडले.

"आता हे बघा, आई."

सुंदराबाईंनी डावं मनगट हुंगलं. पुन्हा हुंगलं. "अगं बाय! मोगरा हाय!"

"म्हणजे माझ्या एका हातात देवी आणि दुसऱ्यात बाधा? मग बाबा, मठात कुठला हात ठेवू?"

मांडवात खसखस पिकली.

"नास्तिक! जिभेला किडे पडतील!"

"ते नंतर बघू. आधी तुमच्या अंगठ्याची जखम दाखवा, मी नर्स आहे."

बाबांनी हात मागे ओढला. तो जितेशनं धरला, इतक्या उशिरा का होईना. पट्टी सुटली. जखम नव्हतीच, सेंटनं भिजलेला स्पंजचा तुकडा होता.

"लिंबाचा वास हलका, तो आधी उडतो," सुरभी म्हणाली. "मोगऱ्याचा जड, तो मागं राहतो. तेलकट कातडीवर बराच टिकतो, कोरडीवरून सगळंच लवकर उडतं. एवढंच आहे हे."

सुंदराबाई रडू लागल्या. "आन् मी हिला ह्याच्या मठात एकटी धाडणार व्हते! जितेश, तू तरी तोंड उघडायचंस रं!"



मंडळी, चमत्कार दिसला तर हात जोडायची घाई करू नका. तो पुन्हा करायला सांगा, जरा वेगळ्या तऱ्हेनं. खरा असेल तर काही बिघडणार नाही. खोटा असेल, तर तुमच्या घरातली एखादी सुरभी वाचेल.