तीनदा हरलं की उठायचं

व्हर्नन टेट बावीस वर्षं लास वेगासमध्ये पोकर खेळून घर चालवत होता, तेही एका नियमावर: तीनदा पैज लावायच्या चिप्स संपल्या की उठायचं. मी त्याच्या टेबलावर पत्ते वाटता वाटताच निवृत्त झालो, त्यामुळे शपथेवर सांगतो, हा नियम त्याने कधी मोडला नाही.

यंदा मात्र नऊ आठवडे तो सारखा हरत होता. उरलेली पुंजीही गेली, तर बायको, लॉरेटा, त्याला मेव्हण्याच्या टायरच्या दुकानात बसवणार होती. मंगळवारी सकाळी अकरालाच त्याच्या चिप्स तिसऱ्यांदा संपल्या. तो शहाण्यासारखा उठला.

"शाब्बास! चल, जेवू," मी म्हणालो.

"जेवतोय कसला! समोरच्या कॅसिनोत जाऊ."

"अरे, आणि नियम?"

"नियम टेबलापुरता असतो, म्हाताऱ्या. तिथे मी आज एकदाही हरलेलो नाही."

समोरही तो तीनदा हरून तत्काळ उठला. तिसऱ्या कॅसिनोतही तेच. चौथ्यात तो उठताना शेजारच्या खेळाडूने आग्रह केला, "बस की, आता नशीब फिरेल!"

व्हर्नन खेकसला, "असं म्हणणारेच भिकेला लागतात!"

पाचव्या कॅसिनोत दोनदा हरल्यावर त्याने पाकीट उघडलं. ते रिकामं होतं.

"इथे दोनदाच हरलोय," तो हळू आवाजात म्हणाला. "नियमाप्रमाणे अजून एक संधी बाकी आहे."

आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने माझ्यापुढे हात पसरला. मी लॉरेटाला फोन लावला आणि त्या हातात ठेवला.