खिडकीतल्या लिंबाची माती

मी माती बोलतेय. शेतातली नव्हे, कुंडीतली. घड्याळदुरुस्तीच्या एका दुकानामागे दोन खोल्यांचं घर आहे. तिथल्या खिडकीत मी चौदा वर्षं काढली. माझ्यात एक कागदी लिंबाचं झाड होतं. येणारे-जाणारे झाडाचं कौतुक करायचे. मला त्याचं काही वाटलं नाही.

मला तयार केलं घड्याळजीच्या बायकोने. खड्ड्यातली चिकणमाती, थोडी वाळू, कुजलेला पाला, चहाचा चोथा, असं सगळं तिने घमेल्यात कालवलं. घड्याळजी दारातूनच म्हणाला, "हात धुऊन ये हं." त्याच्या धंद्यात धुळीचा कण म्हणजे वैरी. नखात माती गेली तर त्याला जेवण जात नसे.

माझं काम थोडक्यात सांगते. माझ्या कणांमध्ये फटी असतात. मोठ्या फटींतलं पाणी खाली निघून जातं आणि तिथे हवा येते. बारीक फटींतलं पाणी कणांना चिकटून राहतं, ते मी धरून ठेवते. वर पानांतून पाणी उडत असतं. त्या ओढीने मुळं ते माझ्याकडून खेचून घेतात. ओली असताना मी सहज देते. वाळत गेले की हात आखडत जाते. शेवटचं थोडं तर कुणालाच देत नाही. स्वभाव आहे.

हे त्या बाईला कुणी शिकवलं नव्हतं. ती माझ्यात बोट खुपसायची. कधी पाणी घालायची, कधी "आहे की अजून" म्हणून निघून जायची.

मग ती आजारी पडली आणि तीन आठवड्यांत गेली. घरात खूप माणसं आली. खुर्च्या आणल्या, खुर्च्या परत नेल्या.

त्यानंतर पाणी घड्याळजीकडे आलं. सकाळी बरोबर आठला दोन मग, संध्याकाळी बरोबर सहाला दोन मग. मिनिटाचाही फरक नाही. घालताना तो हळूच म्हणायचा, "तुला काही कमी पडू देणार नाही." हे माझ्याशी नव्हतं.

माझ्या मोठ्या फटी भरून गेल्या. हवेला जागा उरली नाही. मुळांनाही श्वास लागतो, हे लोकांच्या लक्षात येत नाही. ती कुजायला लागली, आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहून झाड तहानेने माना टाकू लागलं. घड्याळजीने ते पाहिलं आणि दुपारीही दोन मग सुरू केले.

महिन्याभराने त्याची मोठी बहीण राहायला आली. तिने पस्तीस वर्षं नर्सची नोकरी केली होती. तिने कुंडीचा वास घेतला.

"किती पाणी घालतोस रे?"

"दिवसाला सहा मग."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही, ताई." त्याने हातातला मग खाली ठेवला. "तिला डॉक्टरकडे न्यायला उशीर केला मी. याला तरी वेळेवर देतोय."

ताईने माझ्यात बोट खुपसून पाहिलं. मग म्हणाली, "तिचे रिपोर्ट मी पाहिलेत. महिनाभर आधी नेलं असतंस तरी काही झालं नसतं. तुला बरं वाटावं म्हणून नाही सांगत, तसंच होतं ते. आणि याला तू बुडवतोयस. कुंडी आडवी कर."

त्यांनी मला दुकानातल्या टेबलावर वर्तमानपत्रावर काढलं. घड्याळजीने डोळ्याला भिंग लावलं, चिमटा घेतला आणि काळी पडलेली मुळं एकेक करून काढायला बसला. तीन तास लागले. दोन गिऱ्हाइकं आली आणि बघून परत गेली. त्याचे हात मनगटापर्यंत माझ्यात होते. मध्ये एकदा त्याने बाहीने डोळे पुसले. एका डोळ्याला भिंग असल्यामुळे एकच पुसता आला.

पुढचे नऊ दिवस पाणी बंद. तो मग भरायचा, माझ्याकडे बघायचा आणि स्वतःच पिऊन टाकायचा. दहाव्या दिवशी ताईचा फोन आला.

"कसं आहे?"

"एक पान आलंय," तो म्हणाला. "नखाएवढं."

त्या दिवशी तो पोटभर जेवला.

दोन वर्षांत झाड खिडकीच्या चौकटीला टेकलं आणि मुळं कुंडीत गोल गोल फिरू लागली. ताईच्या घरामागे मोकळी जागा होती. घड्याळजीने आठवडाभर टाळाटाळ केली आणि मग स्वतःच टेम्पो सांगून आला. खड्डा खणला, मुळांसकट मला त्यात ठेवलं आणि वरून तिथलीच माती लोटली.

"रोज यावं लागेल का बघायला?" त्याने विचारलं.

"नको," ताई म्हणाली. "रविवारी ये. जेवायलाच ये."

तो येतो. आधी जेवतो, मग झाड बघतो.

आता मला भिंती नाहीत. गांडुळं माझ्यातून शेजारी जातात, शेजारची माझ्यात येतात. मुळं केव्हाच पुढे निघून गेली. मी कुठे संपते आणि ही जमीन कुठे सुरू होते, हे सांगणं रोज थोडं अवघड होतंय. म्हणून आजच बोलून घेतलं. पुढच्या वर्षी इथे 'मी' म्हणणारं बहुधा कुणी नसेल. पाणी मात्र धरलं जाईल, त्याची काळजी नको.